मिशन कंपाउंडचा हिशेब कुणी बघायचा?

आपल्याकडे चर्चची बातमी पेपरात दोनच वेळा येते. एक नाताळला, आणि दुसरी डायोसिसमधल्या दोन गटांनी एकमेकांविरुद्ध अर्ज केले की. नाताळची बातमी फोटोसह छापून येते. दुसरी बातमी बहुतेकांच्या डोक्यावरून जाते. 'चेंज रिपोर्ट', 'डायोसिसन कौन्सिल', 'ट्रस्ट असोसिएशन' असले शब्द दिसले की लोक म्हणतात, जाऊ द्या, त्यांचं आपसातलं भांडण आहे.

मला हे पटत नाही. मी ख्रिस्ती समाजातला नाही. पण नगर जिल्ह्यात राहून मिशनची शाळा आणि मिशनचा दवाखाना यांच्याशी संबंध आला नाही असं घर शोधून काढावं लागेल. त्या जागा, त्या संस्था कुणाच्या सहीने चालतात हा प्रश्न आपला सगळ्यांचा आहे. म्हणून हे लिहितोय. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. १८३१ साली नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं. त्यांची परंपरा अशी की स्थानिक मंडळी हीच मुख्य, वर कुणी बिशप नाही. नंतर इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनचंही काम इथे वाढलं. त्यांच्याकडे बिशप. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन वेगळ्या पद्धतीची चर्चेस. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, स्थापन झालं. तेव्हा ठरलं की बिशप, पाळकांची परिषद आणि स्थानिक मंडळी या तिन्ही गोष्टी हव्यात. एकाने दुसऱ्याला गिळायचं नाही.

त्यातून आजची रचना आली. गावपातळीवर पास्टरेट कमिटी, त्यात पाळक आणि मंडळीने निवडलेले सभासद. वर डायोसिसन कौन्सिल, त्यात पाळक आणि पास्टरेटमधून निवडून आलेले सामान्य सभासद, अध्यक्ष बिशप साहेब. दोन सभांच्या मधल्या काळात कार्यकारी समिती काम बघते. त्याहून वर सगळ्या डायोसिसचा मिळून सिनड. कागदावर बघाल तर आपल्या अनेक शिक्षण संस्थांपेक्षा ही रचना जास्त लोकशाहीची आहे. आपल्याकडे कित्येक संस्थांत आजोबा संस्थापक, वडील अध्यक्ष आणि नातू सचिव असतो. इथे निदान निवडणूक तरी आहे.

मग घोडं अडतं कुठे?

माझ्या मते खुर्च्या किती कुणाच्या हा मुद्दा दुय्यम आहे. खुर्चीवर बसलेला माणूस मोकळा आहे का, हा खरा मुद्दा. पाळक साहेबांचं बघा. पोरांची शाळा, बायकोची नोकरी, राहायचं घर, सगळं बदलीवर अवलंबून. बदलीत शेवटचा शब्द बिशप साहेबांचा. अशा माणसाने भर कौन्सिलमध्ये उठून जमिनीच्या ठरावावर प्रश्न विचारावा ही अपेक्षा फार झाली. म्हणूनच सामान्य सभासदांच्या जागा ठेवल्या. त्यांना बदलीची भीती नाही, ते बोलतील, असा हिशेब.

पण त्या जागांवर जाऊन बसतं कोण? अनेकदा मिशनच्याच शाळेतले शिक्षक, होस्टेलचे वॉर्डन, दवाखान्यातले कर्मचारी. माणसं चांगली असतात, शिकलेली असतात, मंडळीला तीच सोयीची वाटतात. पण शाळेच्या किंवा दवाखान्याच्या मंडळाचे अध्यक्ष बहुधा बिशपच असतात. म्हणजे सकाळी ज्यांच्या हाताखाली नोकरी, दुपारी त्यांच्याच कारभारावर मत द्यायचं. पाळक बदलीच्या भीतीने गप्प, सभासद नोकरीच्या भीतीने गप्प. अधिकाराची वाटणी झाली खरी, पण दोन्ही वाटेकरी एकाच दारात उभे!

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. सगळा दोष बिशपांवर ढकलून चालणार नाही. काही मंडळ्यांमध्ये कमिटी दोन-तीन घराण्यांच्या मुठीत असते. पाळक नवा आला, त्याने जुन्या वहीतलं काही विचारलं, की सहा महिन्यांत त्याच्याविरुद्ध सह्यांची मोहीम. अशा पाळकाला पाठीशी घालणारा बिशप हवाच. तो नसेल तर गावातला दांडगा माणूसच चर्च चालवेल. तिघांनी मिळून कारभार करायचा म्हणजे तिघांनी एकमेकांवर नजर ठेवायची.

आणि सभासदांच्या हाती खरा अधिकार दिला की निर्णय आपल्या मनासारखाच होईल, असंही समजू नका. इंग्लंडच्या चर्चमध्ये बिशप, पाळक आणि सामान्य सभासद अशी तीन सभागृहं आहेत. स्त्रियांना बिशप होऊ द्यायचं का, यावर नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदान झालं. प्रत्येक सभागृहात दोन तृतीयांश मतं हवी होती. बिशपांनी मंजूर केलं, पाळकांनी केलं, आणि सामान्य सभासदांच्या सभागृहात सहा मतं कमी पडली. ठराव आपटला. २०१४ मध्ये पुन्हा चर्चा होऊन तो पास झाला. मला तो ठराव पडायला नको होता. पण वरच्या दोघांनी हो म्हटल्यावरही खालचे नाही म्हणू शकले, यालाच अधिकार म्हणायचं.

कॅथलिक चर्चमध्ये चित्र उलटं आहे. वसईकडे ज्यांना 'प्रापंचिक' म्हणतात त्या सामान्य सभासदांचा धर्मप्रांताच्या पाळकीय परिषदेतला शब्द फक्त सल्ल्यापुरता. ऑक्टोबर २०२३ च्या रोमच्या सिनडमध्ये प्रापंचिकांना आणि स्त्रियांना पहिल्यांदा मताधिकार मिळाला, तोही पोप फ्रान्सिस यांनी दिला म्हणून. पण त्यांच्या १९८३ च्या कायद्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. प्रत्येक धर्मप्रांतात अर्थ परिषद सक्तीची, काही मोठ्या व्यवहारांत तिच्या संमतीशिवाय बिशपला पुढे जाता येत नाही, आणि बिशपचे जवळचे नातेवाईक, अगदी चुलत-मावस भावंडांपर्यंत, तिच्यात बसू शकत नाहीत. ज्यांच्याकडे मतदान कमी, त्यांनी हितसंबंधांचा विचार केला. ज्यांच्याकडे मतदान भरपूर, त्यांच्या सभेत साहेबांचे पगारी लोक मत देतात.

काही जण म्हणतील, धर्मादाय आयुक्त आहेत ना, कोर्ट आहे ना. आहे. सार्वजनिक न्यासाच्या कायद्यातलं कलम ३६ सांगतं की ट्रस्टची जागा विकायची असेल, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायची असेल, तर आधी परवानगी घ्या. पण आयुक्तांपुढे जातो तो कौन्सिलचा मंजूर ठराव. तो मंजूर कसा झाला हे तिथे कागदावरून कळत नाही. आणि कोर्टाचा वेग किती? गुजरातमधल्या ब्रदरन चर्चच्या मालमत्ता सीएनआयकडे गेल्या की नाही हा वाद १९७० च्या विलीनीकरणातून निघाला. त्यावर सुप्रीम कोर्टाचा एक निकाल २००५ ला आला, दुसरा २०१३ ला. नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने ट्रस्टची मालमत्ता दुसऱ्याची होत नाही, हे स्पष्ट व्हायला त्रेचाळीस वर्षं गेली. तेवढ्या काळात दवाखान्याचं छप्पर कुणी दुरुस्त करायचं?

आपल्या जिल्ह्याला साखर कारखान्याची वार्षिक सभा चांगली माहीत आहे. अहवाल दारात हातात पडतो, विषय वाचून व्हायच्या आत मागून 'मंजूर, मंजूर' सुरू होतं, आणि चहा-भज्यांकडे सगळे वळतात. सभासद हजारो, मालक सगळे, हिशेब वाचलेला एकही नाही. डायोसिसच्या कौन्सिलचं तसं होऊ द्यायचं नसेल तर घटना बदलायला नको. चार साधे नियम पुरतील.

एक, लेखापरीक्षण झालेला हिशेब सभेच्या पंधरा दिवस आधी, मराठीत, प्रत्येक चर्चच्या नोटीस बोर्डावर लागावा. दोन, डायोसिसच्या संस्थांतून पगार घेणाऱ्यांनी जमीन आणि पैशाच्या ठरावावर मत देऊ नये. बाकी विषयांवर खुशाल द्यावं. तीन, पाळकांच्या बदलीचे नियम लेखी असावेत आणि मुदतीआधी बदली झाली तर कारणही लेखी मिळावं. चार, जागा विकायची किंवा दीर्घ मुदतीने द्यायची असेल तर ती जागा ज्या गावात आहे त्या मंडळीपुढे ठराव रविवारी वाचून दाखवावा, मगच आयुक्तांकडे जावा.

यातल्या एकाही नियमाने बिशपांचा मान कमी होत नाही. उलट सरळ कारभार करणाऱ्या बिशपांना याचाच आधार मिळेल, कारण त्यांच्यावरचे निम्मे आरोप नोटीस बोर्डावरच संपतील.

ख्रिस्ती मित्रांनो, पुढच्या निवडणुकीत तुमच्या पास्टरेटमधून कोण जाणार हे विचाराल, तेव्हा आणखी एक विचारा: ते पगार कुठून घेतात? आणि बाकीच्यांनी, मिशन कंपाउंडच्या भिंतीवर एखाद्या बिल्डरचा बोर्ड दिसेपर्यंत 'त्यांचं त्यांचं' म्हणत बसू नका.

मतभेद असतील तर कमेंटमध्ये जरूर मांडा. मुद्द्यावर बोला, कुणाचं नाव घेऊन चिखलफेक नको.