काडतुसापायी घासली गेलेली वेब्ली

१/ पहिल्या महायुद्धावरील चित्रपटांत ब्रिटिश अधिकाऱ्याच्या कमरेला जे धिप्पाड रिव्हॉल्व्हर दिसते, ते बहुधा वेब्लीचे असते. लष्कराने निकाली काढलेल्या अशा शस्त्रांचा व्यापार आजही चालतो, अमेरिकेत तर विशेष. ते विकत घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक प्रश्न पडतो : यात भरायचे काय? या प्रश्नाला गेल्या शतकात मिळालेल्या एका उत्तराने असंख्य अस्सल नग कायमचे विद्रूप केले. आजचा धागा त्या उत्तराविषयी.

२/ माझे मत आरंभीच मांडतो. बाजारात मिळणारे काडतूस बसावे म्हणून जुने शस्त्र घासणे म्हणजे ऐतिहासिक साधनाची खाडाखोड करणे होय. बखरीचे पान चौकटीत मावेना म्हणून आपण त्याची कडा कापत नाही. मोठी चौकट शोधतो. शस्त्राच्या बाबतीत हीच साधी शिस्त का सुटावी?

३/ थोडी पार्श्वभूमी. ब्रिटिश लष्कराने वेब्ली रिव्हॉल्व्हर १८८७ साली स्वीकारले. त्यात सुधारणा होत होत मे १९१५ मध्ये सहावी आवृत्ती, म्हणजे ‘मार्क सहा’, आली : सहा इंची नळी, सहा बार, आणि मधोमध मोडून उघडण्याची सोय. उघडताच रिकाम्या पुंगळ्या आपोआप बाहेर फेकल्या जात. या मालिकेतील शस्त्रे अधिकृतपणे १९४७ पर्यंत सेवेत होती. काडतूस .४५५ इंच व्यासाचे.

४/ परंतु ‘.४५५’ हे एकच काडतूस नव्हे. आरंभीचे काळ्या दारूचे होते. पुढे कॉर्डाइट ही धूरविरहित दारू आली. तिला जागा कमी लागते, म्हणून १८९७ च्या ‘मार्क दोन’ काडतुसाची पुंगळी आखूड झाली. रसायनशास्त्रातील बदल असा पितळेच्या लांबीत उतरला. म्हणूनच इतिहासाच्या विद्यार्थ्याने शस्त्राआधी काडतूस वाचावे, असे मी म्हणतो.

५/ याच काडतुसाच्या कहाणीत आपला देशही येतो. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागारात १८९० च्या दशकात शरीरात शिरताच पसरणारी रायफलची गोळी तयार झाली आणि ‘दमदम’ हे नाव जगभर झाले. १८९९ च्या हेग परिषदेने अशा गोळ्यांविरुद्ध घोषणा केली. १८९८ मध्ये आलेली वेब्लीची ‘मार्क तीन’ गोळीही पोकळ तोंडाची होती. ती युद्धवापरातून मागे घ्यावी लागली. १९१२ ची सपाट तोंडाची ‘मार्क चार’ आली, आणि १९१४ मध्ये युद्ध पेटताच पुन्हा जुन्या गोल तोंडाच्या ‘मार्क दोन’कडे वळावे लागले. आंतरराष्ट्रीय कायद्याचा परिणाम गोळीच्या आकारात असा हाताने चाचपता येतो.

६/ आता मूळ मुद्दा. दुसऱ्या महायुद्धानंतर शिलकी वेब्ली मोठ्या संख्येने अमेरिकेत गेली आणि स्वस्तात विकली गेली. तेथे .४५५ काडतुसे दुर्मीळ. उलट अमेरिकी लष्कराचे १९११ पासूनचे .४५ एसीपी काडतूस कोठेही मिळे. अडचण एकच : त्याच्या पुंगळीला बाहेर डोकावणारी कड नसते, त्यामुळे ते रिव्हॉल्व्हरच्या खणात टेकत नाही. अमेरिकेने १९१७ च्या आपल्या रिव्हॉल्व्हरांसाठी यावर तोड काढली होती : तीन-तीन काडतुसे धरणारी अर्धचंद्राकृती पोलादी पट्टी.

७/ या पट्टीला जागा हवी, म्हणून व्यापाऱ्यांनी वेब्लीच्या सिलिंडरची मागची बाजू घासून पातळ केली. ग्राहक खूश, माल खपला. पण दोन गोष्टी घडल्या. पहिली : सिलिंडरवर कोरलेला क्रमांक घासताना अनेकदा अंशतः पुसला गेला. सांगाड्यावरील आणि सिलिंडरवरील क्रमांक जुळतात का, हे पाहणे ही अस्सलपणाची प्राथमिक कसोटी, तीच गेली.

८/ दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. .४५ एसीपीचा दाब मूळ .४५५ काडतुसापेक्षा कितीतरी अधिक असतो. ज्या कमी दाबासाठी ते पोलाद व ते खटके घडवले गेले, त्याच्या पलीकडचा ताण त्यांच्यावर प्रत्येक बारागणिक पडतो. काडतूस आत ‘बसते’ म्हणजे ते ‘चालते’ असे नव्हे. शंभर वर्षांचे शस्त्र हातात फुटले, तर साधन जाते आणि बोटेही जातात.

९/ असाच प्रकार रशियाच्या १८९५ च्या नागांत रिव्हॉल्व्हरबाबत. घोडा चढवताच त्याचा सिलिंडर पुढे सरकतो आणि गोळी पूर्णतः पोटात घेतलेल्या लांब पुंगळीचे तोंड नळीत शिरून वायूची गळती थांबवते. हेच त्याचे वैशिष्ट्य. मूळ काडतूस महाग पडते म्हणून काही जण त्यात .३२ ची आखूड काडतुसे भरतात. पुंगळ्या फुगतात आणि ती सुप्रसिद्ध वायुबंदी घडतच नाही. मग आपण नेमके कोणत्या शस्त्राचे ‘प्रात्यक्षिक’ पाहिले?

१०/ यावर एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. घासलेले वेब्ली हेही इतिहासाचेच साधन आहे, ते युद्धोत्तर बाजारपेठेची साक्ष देते, असे काही संग्राहक म्हणतात. मान्य. आधीच घासले गेलेले नग फेकू नयेत. त्यांच्यावर ‘नंतर बदललेले’ अशी स्वच्छ नोंद करून ते जपावेत. पण झालेल्या बदलाचा अभ्यास करणे आणि उरलेल्या अस्सल नगांवर तोच बदल करणे, या दोहोंत फरक आहे. पाडलेल्या वाड्याचा इतिहास लिहिता येतो, म्हणून शेजारचा वाडा पाडण्याची परवानगी मिळत नाही.

११/ ज्यांना ही शस्त्रे कायदेशीररीत्या झाडता येतात, त्यांना पर्यायही आहे. इटलीची फिओक्की कंपनी .४५५ वेब्ली आणि ७.६२ नागांत ही दोन्ही काडतुसे बनवते. जाणकार मंडळी दुसऱ्या काडतुसाच्या पितळी पुंगळ्या कापून, मूळ दाबाच्या मर्यादेत .४५५ काडतुसे घडवतात. खर्च अधिक आणि बार कमी. शंभरीच्या शस्त्राला तेवढी सबुरी शोभते.

१२/ शस्त्राचे ‘जुनेपण’ काडतूस ठरवते, हे कायद्यानेही ओळखले आहे. ब्रिटनमध्ये प्राचीन शस्त्र ठरवताना केवळ वय पाहत नाहीत; त्याचे काडतूस कालबाह्य व्यासांच्या अधिकृत यादीत आहे का, हेही पाहतात. मार्च २०२१ मध्ये गुन्ह्यांतील वापरामुळे सात व्यास त्या यादीतून वगळले गेले आणि काल ‘प्राचीन’ असलेली रिव्हॉल्व्हरे आज परवान्याच्या कक्षेत आली. वेब्लीचे .४५५ तर त्या यादीत नाहीच.

१३/ आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना बंदुकीची गोष्टच नको, आणि मला ते योग्यच वाटते. तेव्हा हा धागा खरेदीचा सल्ला नाही. आपल्यासाठी त्याचा उपयोग पाहण्याच्या सवयीत आहे. संग्रहालयात रिव्हॉल्व्हर दिसले की सिलिंडरची मागची कड पाहा, क्रमांक पूर्ण आहे का ते पाहा. शेजारी काडतूस ठेवले असेल तर त्याच्या बुडावरचा शिक्का वाचा. तेथे ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरे आढळली, तर ते काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले आहे.

१४/ आणि जुन्या शस्त्रांच्या चाचणीची चित्रफीत पाहाल, तेव्हा खाली एक प्रश्न अवश्य विचारा : यात कोणते काडतूस भरले होते? उत्तर मिळाले नाही, तर ती चित्रफीत करमणूक म्हणून पाहा. टिपणवहीत उतरवू नका.

धागा समाप्त. शंका आणि मतभेद खाली लिहा, चर्चा करू.