दोन शिंदे

भाऊबीज आटोपली की थोरल्या मावशीकडे जाऊन यायचे, हा आमचा जुना नेम आहे. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा मावशीचे त्र्याऐंशी पूर्ण झाले होते. फराळाचे ताट पुढे करून तिने विचारले, ''चिवडा वाढू?'' मी आपला मराठी माणूस. ''नको, म्हणजे तसा थोडा चालेल, पण राहू दे'' असे काहीसे पुटपुटलो. मावशीने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, ''अरे, कॉलेजात मराठी शिकवतोस ना तू? मग हो किंवा नाही, एवढे दोन शब्द तुला येत नाहीत?''

मी हसलो. मावशी मात्र हसली नाही. ''हसू नकोस,'' ती म्हणाली, ''या पुटपुटण्यापायी माझ्या हातून एक माणूस जायचा होता.''

मावशी सैन्यात परिचारिका होती, हे आम्हां भाचरांना ठाऊक होते. तिचा गणवेशातला फोटो दिवाणखान्यात आहे. पण तिथल्या दिवसांविषयी ती कधी फारसे बोलली नव्हती. त्या दुपारी बोलली. इस्पितळ कोणते ते तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

१९६५ च्या युद्धानंतरचे दिवस. मावशी नुकतीच लेफ्टनंट म्हणून रुजू झालेली. वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन शिंदे होते, एकाच पलटणीतले. रात्रपाळी सुरू होऊन दहा मिनिटे झाली असतील, तोच घाईत असलेले मेजरसाहेब दारातूनच म्हणाले, ''शिंद्याला पेनिसिलिन द्या.'' मावशीच्या मनात पाल चुकचुकली. तिने विचारले, ''सर, शिंदे?'' साहेब म्हणाले, ''हो, शिंदे,'' आणि निघून गेले.

झाले! प्रश्न विचारला गेला, उत्तरही मिळाले आणि कळले मात्र काहीच नाही. ''मागे धावत जाऊन 'कोणता शिंदे' एवढे विचारायला हवे होते,'' मावशी म्हणाली. ''पण ते मेजर आणि मी काल आलेली पोर. दुसऱ्यांदा विचारायची छाती झाली नाही.'' तिने आपल्या अंदाजाने एका शिंद्याला इंजेक्शन दिले. पाच-सात मिनिटांत त्याचे ओठ सुजले, श्वास अडकू लागला. धावपळ झाली, ॲड्रिनॅलिन दिले आणि तो पोरगा कसाबसा वाचला. त्याला पेनिसिलिन सोसत नाही, असे त्याच्या कागदावर तांबड्या शाईने लिहिलेले होते. तो कागद टेबलावरच्या गठ्ठ्यात होता.

मी म्हटले, ''मग तुला फार बोलणी बसली असतील.''

''तेच तर!'' मावशी म्हणाली. ''कुणी काही बोललेच नाही. मेट्रन म्हणाल्या, 'यापुढे सांभाळून.' मेजरसाहेबांनी तर विषयही काढला नाही. सगळी अळीमिळी गुपचिळी. महिन्याभराने दुसरी मुलगी बदलून आली. तिला मी वॉर्ड दाखवला, कपाटे दाखवली, किल्ल्या दिल्या. पण दोन शिंद्यांची गोष्ट काही सांगितली नाही. लाज वाटली रे. ती मुलगी तीच चूक करू शकली असती. इंजेक्शनची चूक मी स्वतःला केव्हाच माफ केली. हे न सांगणे मात्र अजून टोचते.''

घरी परतताना ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी भाषेचा मास्तर, वैद्यकाशी माझा संबंध फक्त बिल भरण्यापुरता. पण ही तर वैद्यकाइतकीच भाषेची गोष्ट होती! म्हणून या विषयावरचे जे हाती लागेल ते वाचू लागलो आणि चकित झालो. मावशीच्या त्या पुटपुटण्यावर मोठमोठ्या लष्करांनी डोके खाजवले आहे.

याची सुरुवात इस्पितळात झाली नाही, विमानात झाली. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावरील विमानतळावर धुके पडले होते. धावपट्टीवर दोन प्रचंड जंबो विमाने होती, एक डच आणि एक अमेरिकन. अमेरिकन विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेले नसताना डच विमान उड्डाणासाठी धावू लागले. त्याच्या फ्लाइट इंजिनियरला शंका आली. पुढचे विमान बाजूला झालेले नाही काय, असे त्याने विचारले. कॅप्टन हा कंपनीतला अत्यंत नामांकित वैमानिक. त्याने ठामपणे सांगितले की झाले आहे. इंजिनियर गप्प बसला. काही सेकंदांत दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. धुके होते, रेडिओवरचे संदेश एकमेकांत मिसळले होते, उड्डाणाची घाई होती, कारणे अनेक. पण ज्याला शंका आली होती, त्याने ती दुसऱ्यांदा बोलून दाखवली नाही, हेही त्यांतले एक होतेच. म्हणजे तोही मावशीचाच भाऊ!

त्यानंतर वैमानिकांच्या शिक्षणात एक नवा धडा आला. कॅप्टनने ऐकायला शिकायचे आणि हाताखालच्यांनी बोलायला शिकायचे. अमेरिकन सैन्याच्या हेलिकॉप्टर दलानेही तो गिरवला आणि तिथूनच कुणाच्या तरी मनात आले की, हे इस्पितळात का करू नये? तातडीच्या उपचारांच्या विभागांत हा प्रयोग झाला. २००२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिक्षण घेतलेल्या विभागांत चुकांचे प्रमाण शेकडा ३०.९ वरून ४.४ वर आले होते.

याच सुमारास तिकडे आणखी एक खळबळ उडाली होती. १९९९ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने एक अहवाल काढला. इस्पितळांतील टाळता येण्याजोग्या चुकांमुळे त्या देशात दर वर्षी ४४ हजार ते ९८ हजार माणसे दगावत असावीत, असा त्यात अंदाज होता. अहवालाचे म्हणणे असे की, यातल्या बहुतेक चुका वाईट डॉक्टरांच्या नव्हेत. त्या चांगल्या माणसांच्या, पण वाईट व्यवस्थेतल्या आहेत. एकाच आडनावाचे दोन रोगी शेजारी ठेवायचे, तोंडी हुकूम सोडायचे, कागद गठ्ठ्यात टाकायचा आणि मग नर्सला म्हणायचे, यापुढे सांभाळून!

अमेरिकन सैन्याची आरोग्यव्यवस्था म्हणजे नव्वद लाखांहून अधिक लोकांचा संसार. शिपाई, निवृत्त शिपाई, त्यांची बायकामुले. संरक्षण खात्याने आरोग्यसंशोधनाच्या एका सरकारी संस्थेला बरोबर घेऊन २००६ साली एक अभ्यासक्रम तयार केला. 'टीमस्टेप्स' असे त्याचे नाव. पुढे तो नागरी इस्पितळांनीही उचलला. मला त्याचे अप्रूप वाटले ते अशासाठी की, त्यात एकही नवे औषध नाही, एकही यंत्र नाही. आहे ते सगळे बोलणे आणि ऐकणे!

आता त्यातले काही नियम पाहा. पहिला, उलट म्हणून दाखवण्याचा. डॉक्टरने सांगितले की नर्सने तेच परत म्हणायचे, रोग्याच्या नावासकट, औषधाच्या मात्रेसकट. आणि डॉक्टरने 'बरोबर' म्हटल्याशिवाय हात हलवायचा नाही. ''शिंदे, सहा नंबरची खाट, पेनिसिलिन'' एवढे मावशीने म्हटले असते, तर साहेब दारातच थांबले असते.

दुसरा नियम दोनदा बोलण्याचा. शंका बोलून दाखवली आणि कुणी लक्ष दिले नाही, तर ती पुन्हा बोलायची. हा तुमचा आगाऊपणा नव्हे, कर्तव्य आहे. तरीही ऐकले नाही, तर वरच्याकडे जायचे. यासाठी तीन पायऱ्यांची वाक्येसुद्धा ठरवून दिली आहेत. आधी म्हणायचे, मला काळजी वाटते. मग म्हणायचे, मला हे ठीक वाटत नाही. आणि शेवटी, हा रोग्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. हे तिसरे वाक्य उच्चारले की कितीही मोठा सर्जन असो, त्याने हात थांबवून ऐकायचे.

तिसरी गोष्ट निरोप सांगण्याची रीत. ही अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून आली. रात्री दोन वाजता डॉक्टरला फोन करायचा, तर चार गोष्टी ओळीने सांगायच्या. आत्ता काय झाले आहे, मागे काय झाले होते, मला काय वाटते, आणि काय करावे असे मी सुचवते. यातली शेवटची पायरीच सर्वांत कठीण. हाताखालच्या माणसाने सुचवायचे! वर्गात सदैव पाठांतर करून आलेल्या मुलाला 'तुला काय वाटते' विचारावे, तसे होते हे. मुलगा गोंधळतो. पण विचारायला तर हवेच.

वाचकांपैकी कुणी म्हणेल, सैन्यात हे चालायचे कसे? तिथे तर हुकूम म्हणजे हुकूम. शंका रास्त आहे. खांद्यावरचे तारे ऑपरेशनच्या खोलीत शिरताना बाहेर खुंटीला टांगता येत नाहीत. पण मला वाटते, सैन्यालाच हे आधी उमगले यात नवल नाही. पाणबुडीत एकाने तोंड मिटले तर सगळेच बुडतात. शिस्त म्हणजे गप्प बसणे नव्हे, हे त्यांना जितके महागात कळले तितके आपल्याला कळलेले नाही.

आणि हे सारे नुसते उपदेशाचे बोल नाहीत. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या १०८ इस्पितळांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. जिथे शस्त्रक्रियेच्या सगळ्या चमूला एकत्र बसवून असे शिक्षण दिले होते, त्या ७४ इस्पितळांत शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू वर्षाला शेकडा १८ ने घटले. जिथे दिले नव्हते, तिथे शेकडा ७ ने.

मात्र हा रामबाण आहे असे कुणी समजू नये. २०१४ साली तिकडच्या संरक्षणमंत्र्यांनी, चक हेगल यांनी, लष्करी इस्पितळांची झाडाझडती घेतली. कारभार एकंदरीत नागरी इस्पितळांच्या सरासरीइतका, काही ठिकाणी सरस, काही ठिकाणी उणा, असे आढळले. म्हणजे अभ्यासक्रम काढून आठ वर्षे झाली तरी काम उरलेच होते. त्याच साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचा अनुभव प्रसिद्ध झाला. १०१ इस्पितळांत शस्त्रक्रियेपूर्वी वाचायची यादी सक्तीची केली, तरी मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. यादीवर खुणा करणे आणि एकमेकांशी बोलणे यांत फरक आहे. पोथी वाचली म्हणून भक्ती घडत नाही, तसेच हे.

माझ्यापुरता विचार केला तर मन थोडे खट्टू होते. आपल्या मराठीत शंका झाकायला किती शब्द आहेत! 'की काय', 'बहुधा', 'तसे नव्हे, पण', 'आपले सहज विचारले'. मोठ्यांपुढे आवाज चढवू नये, हे आपण मुलांना शिकवतो आणि ते बरोबरच आहे. पण आवाज न चढवताही बोलता येते, हे शिकवायचे राहून जाते. ''साहेब, जरा थांबा, मला काळजी वाटते'' या वाक्यात कुठे उद्धटपणा आहे? आदरार्थी अनेकवचन आहे, 'जरा' आहे आणि तरी साहेबांना थांबवायची ताकदही आहे.

हे आपल्यालाही लागू आहे. घरातले माणूस इस्पितळात असेल, तर कुठले औषध त्याला सोसत नाही ते आपणहून सांगावे, एकदा नव्हे, पाळी बदलेल तेव्हा दर वेळी. सुई पुढे आली की हे कशाचे आणि कुणासाठी, असे विचारावे. नाव पुरे सांगावे. चांगली नर्स रागावणार नाही. मावशी तर म्हणते, ती मनातून आभारच मानेल.

मावशीने पुढे स्वतःचा एक नियम केला होता. नुसत्या आडनावावर कधी औषध द्यायचे नाही. नाव, शिपायाचा नंबर आणि मग सुई. साहेब चिडले तरी चालेल. तिच्या हाताखालच्या मुलींना ती हे शिकवीत असे. फक्त का, ते सांगत नसे.

मी निघताना मावशीला विचारले, ''हे लिहू का ग?'' मला वाटले होते, ती नको म्हणेल. क्षणभर तिने फोटोकडे पाहिले आणि म्हणाली, ''लिही. त्या बदलून आलेल्या मुलीला तेव्हा सांगायचे राहिले. वाचील कुठे असली तर.''

मग तिने पुन्हा ताट पुढे केले. मी म्हटले, ''चिवडा नको. दोन बेसनाचे लाडू दे.''

''चिवडा नको, बेसनाचे लाडू दोन,'' मावशी म्हणाली आणि मी 'बरोबर' म्हणेपर्यंत थांबली.