नकाशा होता, निर्णय नव्हता

१३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री कोलंबियातील नेवाडो डेल रुईझ या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. उद्रेक तसा लहानच. पण शिखरावर हिमनद्या होत्या. तप्त राखेने बर्फ वितळले आणि चिखल-दगडांचा लोंढा दऱ्यांतून धावत सुमारे अडीच तासांनी आर्मेरो शहरावर आदळला. एकूण सुमारे २३,००० माणसे दगावली.

अडीच तास! उंच जागा तर चालत जाण्याच्या अंतरावर होती. आर्मेरोला धोका आहे हे दाखवणारा नकाशाही महिनाभर आधीच तयार होता. मग लोक हलले का नाहीत? शहर रिकामे केले आणि काहीच घडले नाही तर खर्च कोणाचा, बदनामी कोणाची, यात अधिकारी अडकले. दुपारी राख पडू लागली तेव्हाही लोकांना शांत राहा, घरातच थांबा, असे सांगण्यात आले.

शास्त्रज्ञ शक्यता सांगतो, तारीख नव्हे. म्हणून खोटा ठरलेला इशारा हा गुन्हा मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एप्रिल २०२३ मध्ये हाच ज्वालामुखी पुन्हा अस्वस्थ झाला. सरकारने या वेळी जवळच्या कुटुंबांना हलण्यास सांगितले. पण पुष्कळ शेतकरी गुरे सोडून जाईनात. मोठा उद्रेक झाला नाही. त्या गुरांची सोय कोण करणार, हे मात्र भूकंपमापक यंत्र सांगत नाही. ते सरकारनेच आधी ठरवायला हवे.