भिडू

रामबागेतल्या जुन्या मंडळींना आमचा वाडा आठवत असेल. मधे चौक, चौकात नळ, आणि त्या नळावरून रोजची भांडणं. 1986 साली वाड्यातल्या बायकांची भिशी चालायची. इंदूरात सगळे बीसी म्हणतात, पण आई शेवटपर्यंत भिशीच म्हणायची. 20 चिठ्ठ्या, महिन्याला 50 रुपये, म्हणजे दर महिन्याला एकीच्या हातात हजार. चालवायच्या समोरच्या खोलीतल्या काकू. नाव लिहीत नाही, त्यांची मुलंबाळं असतील कुठेतरी.

काकूंच्या स्वतःच्याच 3 चिठ्ठ्या होत्या, त्यातल्या दोन बहिणींच्या नावावर. पहिल्या सात महिन्यांत तिन्ही निघाल्या. चिठ्ठ्यांच्या घड्या घालून डब्यात टाकायच्या त्याच, हे तेव्हा कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. आठव्या महिन्यात खोलीला कुलूप. कोणी म्हणे उज्जैनला गेल्या, कोणी म्हणे भोपाळला. बाकीच्या बायकांनी मात्र भिशी मोडली नाही. उरलेल्या 17 चिठ्ठ्यांवर ती तशीच चालवली. आईची चिठ्ठी चौदाव्या महिन्यात निघाली, हातात 850 आले.

ते दीडशे रुपये आईने दिवाळीपर्यंत सोडून दिले. तिला दुसरंच काही तरी टोचत होतं. त्याच्या आदल्या पावसाळ्यात दादाला टायफॉइड झाला होता. बाबा दौऱ्यावर, आणि काकू आठ रात्री आमच्याकडे बसून त्याच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत होत्या. आई शेजारच्या मावशींना विचारायची, "मग ते बसणं काय होतं हो? तेही खोटंच का?"

आज हे सगळं वर आलं ते भाच्यामुळे. 14 वर्षांचा आहे, लोकमान्य नगरला राहतो. मोबाइलवर चौघांनी मिळून खेळायचा एक लढाईचा गेम असतो, तो खेळतो. त्याच्या चौघांतला एक मुलगा जयपूरचा, निदान तो तसं सांगायचा. दोन वर्षं रोज रात्री नऊ ते दहा हेडफोनवर बोलणं चाले. गेमपेक्षा गप्पाच जास्त. शाळेतले सर, आईची कटकट, गणिताचा पेपर. परीक्षेच्या वेळी भाच्याचा मोबाइल काढून घेतला, तेव्हा तो म्हणाला, "पासवर्ड दे, तुझी रँक खाली नको यायला, मी खेळून ठेवतो." भाच्याने दिला. परीक्षा संपली तेव्हा आयडीला जोडलेला ईमेल बदललेला, नंबर बदललेला, आणि वाढदिवसाच्या पैशांतून जमवलेले पोशाख-बंदुकांसकट सगळं विकलेलं. शेवटचा मेसेज आला, "भाई, दिल पे मत ले, गेम है." मग ब्लॉक.

ताई 1930 वर फोन लावायला निघाली होती. गेमवाल्यांकडे तक्रार केली तर उत्तर आलं, पासवर्ड तुम्हीच दिलात. त्यांचंही खरंच आहे म्हणा. घरात सगळ्यांनी पोराला शहाणपण शिकवून झालं. मी गप्प बसलो, कारण हे "गेम है" मी आधी ऐकलेलं होतं.

2009 च्या सुमारास मी हैदराबादला रात्रपाळी करत होतो. ऑफिसातल्या दोघांच्या नादाने ईव्ह ऑनलाइन खेळायला लागलो. आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा, 2003 पासूनचा खेळ. अंतराळात जहाजं, हजारो माणसं एकाच जगात, आणि कंपनीचा नियम असा की खेळाच्या आत फसवणूक चालेल. मी आपला खाणकामगार, लघुग्रह फोडून दगड विकायचो. गमावण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पण तिथल्या गोष्टी ऐकून झोप उडायची.

2005 ची गोष्ट तर सगळ्यांना तोंडपाठ. गायडिंग हँड सोशल क्लब नावाच्या टोळीने सुपारी घेऊन दुसऱ्या एका गटात आपली माणसं घुसवली. वर्षभर ती माणसं तिथे राबली, बढत्या मिळवल्या, प्रमुखाच्या उजव्या हाताला जाऊन बसली. मग ठरल्या वेळी प्रमुखाचं जहाज फोडलं आणि कोठारं साफ केली. पुढे 2009 च्या फेब्रुवारीत बँड ऑफ ब्रदर्स ही अवाढव्य युती त्यांच्यातल्याच एका संचालकाने शत्रूला मिळून बसल्या जागी बरखास्त करून टाकली. लढाई बिढाई काही नाही, नुसता अधिकार होता त्याच्या हातात.

आणि त्याच वर्षीची ईबँक. खेळाडूंनीच खेळाडूंसाठी काढलेली बँक, ठेवी घ्यायची, कर्ज द्यायची. ती चालवणाऱ्यांपैकी एका ऑस्ट्रेलियन माणसाने सुमारे 200 अब्ज खेळातले पैसे काढले आणि बाहेर खऱ्या डॉलरमध्ये विकले. घराची रक्कम भरायची होती, मुलाच्या औषधपाण्याचा खर्च होता. बातमी फुटल्यावर ठेवीदार धावले, अगदी खऱ्या बँकेवर धावतात तसे. कंपनीने त्याला काढलं खरं, पण कशासाठी? खेळातला माल खऱ्या पैशाला विकला म्हणून. ठेवी पळवणं नियमात बसत होतं!

तेव्हा आमच्या ऑफिसात वाद व्हायचा. एकाचं म्हणणं, यातच तर मजा आहे. जिथे देवाणघेवाणीला मशीनचं कुलूप असतं, तिथे कोणावर विश्वास टाकायची गरजच पडत नाही. इथे पडते, म्हणून इथली मैत्री भारी. मला हे पटायचं, आजही पटतं. पण "खेळ आहे, मनाला लावून घेऊ नकोस" हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

आपण मेंढीकोट खेळत मोठे झालो. समोरच्या जोडीला चकवणं हा तर डावच. हुकूम लपवा, तोंड पाडून बसा, सगळं माफ. पण भिडूने तुमची पानं समोरच्यांना सांगितली तर? आमच्या चौकात अशा पोराला पुढची सुट्टीभर कोणी खेळायला घेत नसे. त्याला तेव्हा कोणी म्हणालं नाही की अरे, खेळच तर आहे. खोटं कोणाशी बोलायचं याची रेघ मुलांनासुद्धा ठाऊक होती. ईव्हमधल्या त्या टोळीने वर्षभर ज्यांना फसवलं, त्यांच्यालेखी ते भिडू होते. कंपनीच्या नियमाने चोरी माफ होईल, भिडूपण कसं माफ होईल?

चार दिवसांनी भाचा माझ्याकडे आला. पोहे खाता खाता विचारलं, "मामा, म्हणजे दोन वर्षं तो नाटकच करून राहिला होता का?"

आईचाच प्रश्न, 40 वर्षांनी.

मी म्हटलं, "नाही रे. दोन वर्षं रोज रात्री कोण नाटक करेल, एवढ्याशा मालासाठी? गप्पा खऱ्याच असतील. आणि चोरीही खरीच."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग तर हे जास्तच वाईट आहे."

आहेच. सोंग होतं म्हटलं की सुटका होते, फसवणाऱ्याचीही आणि आपलीही. "गेम है" म्हणणाऱ्याला हीच सुटका हवी असते. मला वाटतं, आईला ती कधी घेता आली नाही. नंतर दादाच्या टायफॉइडचा विषय निघाला की ती काकूंचं नाव घ्यायचीच, आणि चांगलंच बोलायची. भिशीचा विषय निघाला की उठून आत जायची.

भाच्याने नवी आयडी काढली आहे. पासवर्ड मलाही सांगत नाही. परवा जुन्या आयडीचा नंबर टाकून त्याने मला दाखवलं. नाव बदललेलं, पण पोशाख तेच, आणि ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका. विकत घेणारा कोणीतरी खेळत होता. आम्ही दोघं थोडा वेळ तो ठिपका बघत बसलो.

वाड्यातल्या त्या भिशीतलं कोणी हे वाचत असेल तर सांगा, तुमची चिठ्ठी कितव्या महिन्यात निघाली होती? आणि काकू पुढे कुठे गेल्या, कोणाला काही कळलं का?