पान उजेड परत देते

पेण तालुक्यातले जोहे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मूर्तीच्या पितांबराला कधी कधी झगझगीत रंग देतात. हा रंग उजेडात उठून दिसतो आणि दिवा मालवला की विझतो. मुलांच्या खेळण्यावरचा ‘रेडियम’चा रंग मात्र अंधारातही काही वेळ चमकत राहतो. एक रंग उजेड लगेच परत करतो, दुसरा सावकाश. गंमत अशी, की खाचरातले भाताचे पान ही दोन्ही कामे करते!

पानातले हरितद्रव्य सूर्याचा उजेड धरते. त्या जोरावर पान पाणी फोडते, प्राणवायू बाहेर सोडते आणि हवेतल्या कार्बन वायूपासून साखर बनवते. हीच साखर पुढे लोंबीत जाऊन दाणा भरते. पण धरलेला सगळा उजेड कामी येत नाही. पुष्कळसा उष्णता होऊन जातो आणि शेकडा एक-दोन भाग पान तांबड्या उजेडाच्या रूपाने तत्क्षणी परत टाकते. शास्त्रज्ञ याला फ्लुरोसन्स म्हणतात.

याची प्रचीती घरी घेता येते. पालकाची चार पाने कुटून दवाखान्यातल्या स्पिरिटमध्ये भिजवा आणि फडक्यातून गाळा. काम मोठ्या माणसांनीच करावे, चुलीपासून दूर. हा हिरवा अर्क काचेच्या बाटलीत भरून कडक उन्हात धरा. आरपार पाहिले तर हिरवा, उन्हाच्या बाजूने पाहिले तर लालसर! कुटल्यामुळे साखर करणारी यंत्रणा मोडली. हरितद्रव्य उजेड धरते, पण तो पुढे द्यायला कोणी नाही, म्हणून बराचसा परत टाकते.

आता उशिरा येणाऱ्या उजेडाचे पाहू. माळ्यावर भाताची पोती चढवताना माणसे शिडीवर ओळीने उभी राहतात आणि पोते हातोहात वर जाते. पानातही उजेडाची शक्ती अशीच टप्प्याटप्प्याने पुढे सरकते. पण एखादे पोते घसरून पुन्हा पहिल्या माणसाच्या हातात येतेच. तशी काही शक्ती मागे फिरून हरितद्रव्याकडे येते आणि उजेड होऊन बाहेर पडते. म्हणून अंधारात नेल्यावरही पान काही मिनिटांपर्यंत अगदी मंद उजळत राहते. तो इतका क्षीण असतो, की आपल्या डोळ्याला दिसत नाही.

हा शोध १९५१ साली अमेरिकेत स्ट्रेलर आणि अरनॉल्ड या शास्त्रज्ञांनी लावला, आणि त्यात काजव्यांचा वाटा आहे. वनस्पती उजेडाच्या बळावर एटीपी नावाचे शक्ती साठवणारे द्रव्य बनवतात का, हे त्यांना पाहायचे होते. काजव्याच्या अर्कात हे द्रव्य पडले की तो उजळतो. पण त्यांच्या यंत्राला काजव्याचा अर्क नसतानाही शेवाळातून उजेड येताना दिसला. तो शेवाळाचा स्वतःचाच होता!

शेतकऱ्याला याचा उपयोग काय? पीक तहानले, आजारले किंवा काही तणनाशके पानात शिरली, की शिडीवरची ओळ मध्येच अडते आणि परत येणाऱ्या उजेडाचे मान बदलते. डोळ्याला पान हिरवेगार दिसत असतानाही पुष्कळदा यंत्राला हा बदल कळतो. आता उपग्रहावरूनही पिकांचा लगेच परत येणारा उजेड मोजतात.

आपल्याकडे असे यंत्र नसते, पण त्यातला धडा घेता येतो. पान करपलेले दिसेपर्यंत थांबू नका. पेणच्या खाडीकाठी उधाणात बांधाला खांड पडून खारे पाणी आत आले, तर ते लगेच बाहेर काढा आणि मिळेल तेवढ्या गोड्या पाण्याने खाचर धुऊन काढा. रोपे दाटीने लावू नका, कारण सावलीतल्या पानाला धरायला उजेडच मिळत नाही. नत्रखत बेताने द्या. लोंबी बाहेर पडल्यावर वरची पाने जपा, कारण दाणा भरायची बरीचशी साखर तीच करतात.

श्रावणातल्या ढगाळ दिवसांत ऊन तुटपुंजे असते. ते वाढवणे आपल्या हाती नाही. ते धरणारे पान निरोगी ठेवणे मात्र आपल्याच हाती आहे.