देवाच्या नावाने सुटलेला बैल

खालापूर तालुक्यातल्या साजगावच्या बोंबल्या विठोबाची यात्रा कार्तिकी एकादशीला भरते आणि तिचे अर्धे नाव बैलबाजाराने राखले आहे. मिरच्या विकायला तुकोबा घाट उतरून इथे येत, अशी इथली आख्यायिका. त्यामुळे देवाच्या दारात सौदा होण्यात खालापूरकरांना काही वावगे वाटत नाही. गिऱ्हाईक खोंडाचा जबडा उघडून दात मोजते, खूर दाबून पाहते, चार पावले चालवून घेते. पण शेतात ट्रॅक्टर आल्यापासून पहिला प्रश्न बदलला. पूर्वी विचारत, ओढेल किती? आता विचारतात, पळेल किती?

हा पळणारा बैल आज कायद्याने मोकळा आहे, तो परंपरेच्या पुण्याईवर. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. 2017 मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, 16 डिसेंबर 2021 रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. या सगळ्या वर्षांत शर्यतवाल्यांचे म्हणणे एकच होते: ग्रामदैवताची यात्रा आणि शर्यत वेगळी काढता येत नाही. ते खोटे नव्हते. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या घाटांत गाडे पळतात ते गावदेवाच्या यात्रेतच.

बंदी उठली आणि देव मात्र मागे पडला. आता शर्यती पुढाऱ्यांच्या वाढदिवसालाही होतात. बक्षिसांत दुचाकीपासून जेसीबीपर्यंत सगळे असते. रायगड-ठाण्यात बिनजोड, म्हणजे एकास एक शर्यत, लागते तेव्हा बैलाइतकीच मालकाची इज्जतही पणाला लागलेली असते. 2022 च्या नोव्हेंबरात अंबरनाथला शर्यतीच्याच वादातून भर दिवसा गोळीबार झाला. यात कुठले दैवत शोधायचे?

खेळाने धर्माचा आसरा घेणे आपल्याला नवे नाही. मारुतीशिवाय तालीम नसते. पण मल्लाने मारुतीकडून सवलत मागितली नाही. लंगोटाची शिस्त घेतली, पहाटेची मेहनत घेतली, व्यसनाला फाटा दिला. मारुतीला नमस्कार करून मुसलमान वस्ताद त्याच मातीत हिंदू पोरे घडवत आले आणि एकदा हात मिळाला की निकाल पंचाच्या हाती. कुस्तीने धर्माकडून बंधने घेतली म्हणून तिचा मान वाढला. शर्यतीने घेतला तो फक्त परवाना.

शर्यतीवरही बंधने कागदावर आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, धाव 1000 मीटरपेक्षा लांब नको, पशुवैद्यकाची तपासणी हवी, काठी-चाबूक-पराणी वर्ज्य. पण धुरळा उठला की शेपटी कोणी पिरगाळली हे दिसत नाही, आणि ज्याला दिसते तो गावचाच असल्याने बोलत नाही. तक्रार करणारा प्राणिमित्र शहरातून आला, तर 'आमच्या देवाच्या आड येऊ नका' हे उत्तर तयारच असते. दैवत त्या वेळी बरोबर आठवते.

तेव्हा दैवताच्याच अधिकाराने हा प्रश्न हाताळावा. सरकारी नोटिशीला न जुमानणारा गाडीवान देवळातल्या मंडळींचा शब्द सहसा मोडत नाही. साजगावच्या बैलबाजारापासून सुरुवात करता येईल. यात्रा भरवणाऱ्यांनी आणि गावच्या पंचांनी जाहीर करावे, की ज्या बैलाच्या अंगावर पराणीचे व्रण आहेत, त्याचा सौदा विठोबाच्या दारात होणार नाही आणि त्याच्या मालकाला मानाचा नारळ मिळणार नाही. त्यासाठी नवा कायदा नको, निधी नको, मंत्र्याची तारीखही नको. दात पाहायला वाकणाऱ्या गिऱ्हाइकाने एक नजर पुठ्ठ्यावर टाकली की काम झाले.

हे करायला गाव तयार नसेल, तर शर्यती खुशाल पैशाचा खेळ म्हणून भरवाव्यात, नियमही तसेच लागू व्हावेत. पण पुढच्या वेळी न्यायालयात उभे राहताना ग्रामदैवताला साक्षीला नेऊ नये.