म्हातारपणाची भूक आणि तांबडा भोपळा

‘डॉक्टर, आईला फार अशक्तपणा आलाय, ताकदीची बाटली लिहून द्या,’ ही मागणी आम्हा उरणच्या डॉक्टरांना नेहमीची. अशा वेळी मी आधी विचारतो, आई जेवते काय? दात गेले, भाकरी चावत नाही, माशाच्या काट्याची भीती वाटते, म्हणून तिन्ही त्रिकाळ चहा-बिस्किट, हे बहुधा उत्तर. वाचकहो, हे जेवण नव्हे. प्रथिने कमी पडली की स्नायू झिजतात, तोल जातो आणि न्हाणीघरात पाय घसरला की खुब्याचे हाड मोडते.

माझे स्पष्ट मत आहे की, बाटलीच्या आधी या माणसांना मऊ, गरम आणि चवदार अन्न मिळाले पाहिजे. मऊ भाताला आपण आजाऱ्याचे अन्न म्हणून नाक मुरडतो. उत्तर इटलीत मात्र अशाच मऊ भाताला ‘रिसोटो’ म्हणतात आणि तांबडा भोपळा घालून तो हौसेने खातात. त्याचा दाटपणा सायीचा नसतो. आखूड, जाड तांदळातील पिष्ट ढवळताना सुटते आणि भात लोण्यासारखा होतो. आपला जाडा तांदूळ, त्यातही नवा, याला उत्तम. बासमती नको.

एक वाटी तांदूळ व अर्धी वाटी मूगडाळ धुऊन अर्धा तास भिजवावी. दोन चमचे तुपात जिरे, हिंग, ठेचलेला लसूण घालून भोपळ्याच्या दीड-दोन वाट्या फोडी परताव्यात. मग डाळ-तांदूळ परतून मंद आचेवर पळी-पळीने कढत पाणी घालीत ढवळत राहावे. एकूण सहा-सात वाट्या पाणी लागते. फोडी पळीनेच मोडाव्यात. मीठ बेताचे, वर मिरपूड. मासे खाणाऱ्यांनी शिजवून काटे काढलेला मासा कुस्करून शेवटी मिसळावा.

भोपळ्यातील बीटा कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते. ते अंगी लागण्यास स्निग्धांश हवा, म्हणून तूप अगदीच गाळू नये. तांदळाच्या प्रथिनांतली उणीव डाळ भरून काढते.

मात्र मऊ भाताने रक्तातील साखर लवकर चढते. मधुमेह्यांनी लहान वाटीभरच घ्यावा, डाळ वाढवावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास भोपळ्यातील पोटॅशियमबद्दल डॉक्टरांना विचारावे. सकाळचा भात आपल्या दमट हवेत रात्रीपर्यंत उघड्यावर ठेवू नये. त्यात तयार झालेले जंतूंचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. आणि कारणाशिवाय वजन घटत असेल, तर केवळ आहारावर विसंबू नका. क्षय, मधुमेह, थायरॉइड यांच्या तपासण्या करून घ्या.

शेवटी एक विनंती. आजीसाठी निराळे पातेले नको. आठवड्यातून दोनदा सगळ्या घराने हाच भात एकत्र बसून खावा. कोपऱ्यात एकट्याने जेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची भूक लवकर मरते.